मागची बरणी

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी
साखळीहून पहिली बस धरून आम्ही म्हापशाला जायचो,
आई, मी, चार रिकाम्या पिशव्या
आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेली यादी.

पुरुमेंताचा बाजार. आई मिरची मोडायची, हुंगायची,
मुद्दाम दोनदा शिंकायची,
आणि मग म्हणायची, "तिखट कुठं आहे हिला?"
विकणारी हसायची. भाव थोडा उतरायचा.
आगराचं जाड, करडं मीठ, सुका बांगडा,
उकडे तांदूळ मात्र गावातूनच, ओळखीच्या कोठारातले.
परतीच्या बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसायचं नाही.

घरी माळ्याखालची ती अंधारी खोली.
आठळ्या लाल मातीत लोळवून कोपऱ्यात,
कैऱ्या खारात, वर वाळवंटीच्या पात्रातला दगड,
चिंचेचे मीठ लावलेले गोळे,
आणि एस्परांसबायचा माडाचा विनेगर,
ज्याच्या बदल्यात आमची सोलं जायची.
वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही,
निदान चार कढीपत्त्याची पानं तरी.

खाण बंद झाली त्या वर्षी
बाबांचा ट्रक फणसाखाली येऊन थांबला.
हप्ते तेवढे चालू राहिले.
मे आला तशी आईने हौदा तीन वेळा धुतला,
सुकवला, जुनी लुगडी अंथरली,
आणि त्यात भिरंडांच्या साली पसरल्या.
बँकेचा माणूस आला, टाचा उंचावून आत डोकावला,
लालेलाल हौदा बघून म्हणाला,
"बंद आहे म्हणता, आणि माल भरलाय?"
बाबा किती दिवसांनी हसले ते!
आईने त्याला सोलांचा पुडा बांधून दिला.
हप्ता काही कमी झाला नाही.

खोलीत सगळ्यात मागे एक चिनीमातीची बरणी,
तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला सात गाठी.
"ती चवथीनंतरची," आई म्हणायची.
चवथ व्हायची. "ती दसऱ्यानंतरची."
पुढच्या बरण्या एकेक करून पालथ्या होत होत्या,
पेज पातळ होत होती,
आणि माझा भाऊ रोहिदास रोज शाळेतून आला की
त्या बरणीला दोन्ही हातांनी हलवून बघायचा.
जड आहे, म्हणायचा. आणि जेवायला बसायचा.

ट्रक ओढून नेला त्या रात्री
बाबा अंधारात खोलीच्या उंबऱ्यावर बसून होते.
"यशोदे, त्या मागच्या बरणीत काय आहे गं?"
मी जागी होते.
आई बराच वेळ भांडी घासत राहिली.
"आहे," म्हणाली.
तेवढंच.
बाबा उठले, पाय धुतले, झोपले.
सकाळी डिचोलीला कुणाच्या तरी टेम्पोवर
बदली ड्रायव्हर म्हणून गेले.

आता पर्वरीला माझा फ्लॅट, चौथा मजला.
मीठ संपलं तर फोनवर बोट टेकवते,
वीस मिनिटांत एक घामेजलेला पोरगा दारात.
त्याला पाणी देते. तो मागे वळून बघत पितो,
घड्याळ बघतो, पळतो.
त्याच्या घरी कुणी काय साठवत असेल, ते नाही विचारलं कधी.

परवा आईला फोन केला, सहज विचारावं तसं विचारलं,
काय होतं गं त्या बरणीत?

"कुठल्या वर्षीचं विचारतेस?
एकदा तांदूळ होते. एकदा मीठ.
आणि एकदा," इथं तिला खोकला आला,
"नदीतले दगड. चांगले धुऊन ठेवले होते हो."

मग म्हणाली, यंदा भिरंडं बरी धरलीत,
रोहिदासाकडे धाडते.
पुडा सोडलास की कागद टाकू नको.
पाठकोरा आहे.